अप्पांच्या रानातली माती

बसलिंगअप्पांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नावातच ‘बस’ आहे आणि माणूस काही बसत नाही, हा त्यांच्या गावातला जुना विनोद. चहा ते चालत प्यायचे. फोन आला की बोलत बोलत पार वेशीपर्यंत जायचे आणि बोलणं संपल्यावर ‘मी इथं कामून आलो?’ म्हणत परत फिरायचे. महादेवाच्या देवळात भजनाला सगळी मंडळी मांडी घालून बसली की अप्पा खांबाला टेकून उभे, तेही या पायावरून त्या पायावर.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्याच भोवती चालत होते. पोकलेनच्या सावलीत मी पिशवी घेऊन उभा होतो. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, असा एक उंच म्हातारा बाजारात बैल बघावा तसा मला सगळीकडून बघत होता.

“गाव कुठलं?”

“कुडाळकडचं. कोकणात.”

“आरं बापरे. पाण्याकडून आमच्याकडं आलास व्हय? हितं तर आमीच टँकरची वाट बगून राहिलो. शाळा किती?”

“नववीत सोडली.”

पुढचा प्रश्न कुठला येतो ते मला पाठ होतं. घरच्या भानगडी, वडिलांचं आजारपण, सगळं सांगायची माझी तयारी होती. पण अप्पांनी तो प्रश्न विचारलाच नाही. “जेवलास का?” एवढंच म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता चालू लागले. मी पिशवी उचलून मागे. तेव्हापासून पुढे जवळजवळ वर्षभर मी त्यांच्या मागेच चालत होतो.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या मधल्या एका माळावर लष्कराचा जुना विमानतळ आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं आत जाताना फोन फाटकावर ठेवावा लागायचा, आणि ती सवय मला अजून सोडत नाही. विमानतळावरचं सगळं जुनं झालं होतं. धावपट्टीचं काँक्रीट फुटलं होतं, गटारं ढासळली होती, जमिनीखालच्या इंधनाच्या टाक्या गंजल्या होत्या. ते सगळं काढून नवीन करायचं काम एका कंत्राटदाराने घेतलं होतं. मी त्याच्याकडे पोकलेन चालवायचो. अप्पांचे दोन ट्रॅक्टर त्याच कामावर होते.

माझ्या राहण्याची सोय पत्र्याच्या शेडमध्ये होती. अप्पांनी ती शेड एकदा चालत चालत बघितली आणि म्हणाले, “उन्हाळ्यात हितं पापड भाजता येतील, माणूस न्हाई ठेवता येणार.” संध्याकाळी माझी पिशवी त्यांच्या घरच्या ओसरीवर होती. महादेवीकाकूंनी मला विचारलंही नाही. त्या देगलूरच्या पलीकडच्या, माहेर कानडी. भाकरी थापता थापता त्यांनी माझ्याकडे बघून “ऊट आयता?” म्हटलं. मला काही कळेना. अप्पा अंगणातून ओरडले, “जेवण झालं का म्हनून इचारून राहिली. न्हाई म्हन!” मी न्हाई म्हटलं. त्या घरात मला न्हाई म्हणायची गरज नंतर पडली नाही.

मला पहिल्यापासून काळजी करायची सवय. गेटपास हरवला तर? मशीन बंद पडली तर? साहेबांनी विचारलं आणि मला उत्तर आलं नाही तर? सकाळी निघताना मी खिसा तीनतीनदा चाचपायचो. अप्पांनी ते पाहिलं होतं. इतर लोक काळजी करू नको म्हणतात. अप्पा म्हणाले, “फिकीर कर. फिकीर न्हाई त्या मानसाच्या हातात मशीन देऊ नये. फकस्त बसून करू नको. बसून केली की ती मुरती, अन् मुरली की मानूस आंबतंय. चालता चालता कर.”

तिकडची बोली समजायला मला वेळ लागला. एके दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, “आज म्या न्हाई. मातीला जायचंय शिरूर अनंतपाळला.” त्यांचे दोन्ही ट्रॅक्टर तर अंगणातच उभे होते. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची गाडी घेऊन माती आणायला गेले असतील. दुपारी ते परतले, आंघोळ करून ओलेत्याने तुळशीसमोर उभे होते. मी जाऊन विचारलं, “अप्पा, किती ट्रिपा झाल्या?”

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग काकूंकडे बघितलं. मग दोघंही हसायला लागले, आणि हसू आवरायचा प्रयत्न करताना आणखी हसू येऊ लागलं. “एकच ट्रिप झाली रे लेकरा,” अप्पा डोळे पुसत म्हणाले, “अन् ती बी एकाच बाजूची.” त्यांच्याकडे माती म्हणजे अंत्यविधी. मयताला जाणं म्हणजे मातीला जाणं. त्यांच्या लिंगायत समाजात तर देह खरोखरच मातीत देतात, बऱ्याचदा स्वतःच्या रानात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अप्पांनी ही गोष्ट गावभर सांगितली, आणि त्यामुळेच गाव मला ओळखायला लागलं. मी दिसलो की लोक विचारायचे, “काय कोकणी, किती ट्रिपा?”

जी खरी माती, तिच्यावर अप्पांचा जीव होता. त्यांचं रान विमानतळाच्या कुंपणाला लागून, उतारावर. हलकं, मुरमाड. ओढ्यापलीकडच्या लोकांची जमीन काळीभोर आणि खोल, आणि अप्पांना आयुष्यभर तिचा हेवा वाटत आला. दर उन्हाळ्यात तलाव आटला की ते गाळ उपसून आणायचे, रानात पसरायचे. वर्षानुवर्षं असं करून त्यांनी आपल्या रानावर वीतभर काळी चढवली होती. ते मला ती दाखवायला घेऊन गेले तेव्हा चप्पल बांधावर काढली.

“तुमच्याकडं माती लाल असती म्हनं?”

“हो.”

“मग पिकतंय काय तिच्यात?”

“भात. आंबे. काजू.”

“लाल मातीत?” ते खरंच चकित झाले. “कमाल हाय. हितं तर लेकरू बी सांगंल, काळी ती माती, बाकी समदा मुरूम.”

या एका समजुतीवरच पुढचं सगळं घडलं.

विमानतळावर पर्यावरणाचं काम बघायला एक मॅडम होत्या, रेवती मॅडम. त्या येईपर्यंत मला वाटायचं की तोडणं म्हणजे तोडणं. त्या आल्या आणि दर गोष्टीला नियम लागला. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे ओले करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून काढायचे, त्याची धूळ छातीत जाते. गटार बदलताना गावच्या तलावाकडे जाणारं पाणी अडवायचं नाही. एकदा धावपट्टीकडेच्या खडीत टिटवीची अंडी निघाली, तर त्यांनी तेवढ्या तुकड्याचं काम पिल्लं चालायला लागेपर्यंत थांबवलं. अप्पांना ते फार आवडलं. “लष्कराच्या मैदानात टिटवीनं मॅडमला कामाला लावलं,” असं ते जाता-येता सगळ्यांना सांगायचे.

मग आम्ही जमिनीखालच्या टाक्या उचलल्या. त्यांच्याखालची माती काळी निघाली. इतकी काळी, इतकी मऊ, की बकेटमधून पडताना तिचा आवाज होत नव्हता. जुन्या टाक्यांमधून कितीतरी वर्षं थेंब थेंब इंधन खाली झिरपलं होतं. मॅडमनी सांगितलं होतं की ही माती कुंपणाबाहेर भाड्याने घेतलेल्या पडीक रानात जाड प्लास्टिकवर टाकायची, वरून ताडपत्री झाकायची. नंतर बंद गाड्या येतील आणि असली माती साफ करतात अशा लांबच्या ठिकाणी ती घेऊन जातील. एवढं सांगून त्या आईच्या आजारपणासाठी गावी गेल्या. बंद गाड्या काही आल्या नाहीत. ढीग वाढत गेला.

आणि कुंपणाबाहेर, उघड्या माळावर, उन्हाळ्यात, काळ्या मातीचा एवढा मोठा ढीग त्या गावाने कधी बघितला नव्हता.

अप्पा ढिगाभोवती दोन दिवस फिरत होते. तिसऱ्या दिवशी ते कंत्राटदाराच्या साइट इंजिनिअरकडे गेले. त्याला तो ढीग डोळ्यांसमोर नकोच होता. “न्या की अप्पा, माझी ब्याद जाईल,” तो म्हणाला. वासाचं काय, असं मी भीत भीत अप्पांना विचारलं. राकेलसारखा वास येत होता, थोडा, पण येत होता.

“वास? शेणखताला काय अत्तराचा वास येतोय?” अप्पा म्हणाले. “दोन उन्हं खाल्ली की उडून जातंय. अन् राकेलनं हुमणी मरती, ते तर बरंच झालं.”

हुमणी म्हणजे मुळं खाणारी जाड पांढरी अळी. दरवर्षी सोयाबीन तिच्या पोटात जायचं. त्यामुळे हुमणी मरणार म्हटल्यावर आणखी काही बोलायची गरजच उरली नाही. अप्पांनी पहिल्या ट्रॉल्या आपल्या रानात टाकल्या. ते बघून शेजारचे माणिकराव आले. माणिकराव संशयी माणूस, दुकानदाराने दिलेली पिशवी तिथंच उघडून बघणारा. ते म्हणाले, “अप्पा, तुमी टाकली म्हणून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हात लावला नसता.” मग आणखी चार-पाच घरं आली. सगळी अप्पांच्या शब्दावर.

मॅडम परतल्या आणि ढीग निम्मा दिसला. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, “कुठे गेली?” मी अप्पांच्या रानाकडे बोट दाखवलं.

रानाच्या एका कोपऱ्यात काकूंनी घरच्यापुरती मेथी टाकली होती. ती दोन पानांवर आली आणि पिवळी पडून झोपली. अप्पा म्हणाले, “ऊन लई हाय.” मॅडमनी तिथली मूठभर माती उचलली, घरी आल्या, काकूंकडून स्टीलचा ग्लास मागितला, माती आत टाकली, वर पाणी ओतलं आणि ग्लास अंगणात उन्हात ठेवला.

थोड्या वेळाने पाण्यावर रंग आले. निळा, जांभळा, पिवळा. सायकलच्या दुकानासमोर डबक्यात दिसतात तसे. बोट फिरवलं की फाटायचे आणि परत जुळायचे.

“अप्पा, पाऊस पडला की हे खाली जाणार,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या रानाच्या खाली काय आहे?”

अप्पांनी उतारावर बघितलं. त्यांच्या रानाच्या खाली माणिकरावांचं रान, त्याच्या खाली ओढा, आणि ओढ्याच्या काठाला गावची प्यायच्या पाण्याची विहीर. टँकर चुकला की अख्खं गाव जिच्यावर जगतं ती.

अप्पा बसले. अंगणात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, ग्लासच्या समोर. काकू चुलीकडून धावत आल्या. त्यांना वाटलं, चक्कर आली.

पेरणीला फार दिवस उरले नव्हते. ढग रोज दुपारी यायचे, बघून जायचे. ते आले की मी मशीन थांबवून वर बघायचो. मॅडमनी सगळीकडे फोन केले, बंद गाड्यांची तारीख पक्की करून घेतली, कंत्राटदाराला बोलायचं ते बोलल्या. पण आधी माती रानांतून परत यायला हवी होती, आणि ते त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी ग्रामपंचायतीत बैठक बोलावली. तिला आले फक्त अप्पा, मी आणि एक शिपाई. लोक उलट म्हणायला लागले की कंपनीला गिऱ्हाईक भेटलं असेल, काळ्या मातीला भाव आला असेल, म्हणून परत मागून राहिले. अप्पा दारोदार फिरले. आधी ज्या घरांत त्यांच्यासाठी चहा यायचा त्या घरांत आता फक्त पाणी आलं. माणिकराव तोंडावर म्हणाले, “आधी टाका म्हनले, आता काढा म्हनून राहिलाव. उद्या काय खा म्हनाल? तुमाला कंपनी काय देऊन राहिली?”

अप्पा घरी आले आणि अंगणात फेऱ्या मारू लागले. मी ओसरीवरून बघत होतो. मध्येच थांबून मला म्हणाले, “बैठकीला कुणी येत न्हाई. लग्नाला बी मानूस टाळतंय. मातीला मातुर कुणी टाळत न्हाई. वैरी बी येतोय.”

मला त्याचा अर्थ लागला नाही. सकाळी लागला.

देवळाच्या भोंग्यावरून अप्पांचाच आवाज आला. “शरणार्थ मंडळी. आज सकाळी नऊ वाजता बसलिंगअप्पाच्या रानात माती हाय. समद्यांनी यावं.” बस्स. कुणाची, ते सांगितलं नाही.

आवाज अप्पांचा, म्हणजे अप्पा जिवंत. मग गेलं कोण? गावाला वाटलं, काकूच असणार. बायका पदर डोळ्यांना लावून घरी आल्या, तर काकू अंगण झाडत होत्या. “मी हाय अजून,” त्या म्हणाल्या. “रानात जावा, रानात.” बायका घाबरून रानाकडे. पुरुष आधीच जमले होते. पांढऱ्या टोप्या, कुणाच्या हातात हार, कुणाच्या हातात बेलाची पानं, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न. रानात खड्डा नव्हता, देह नव्हता. माझं पोकलेन उभं होतं, शेजारी मॅडम, आणि स्टुलावर पाण्याने भरलेला तो ग्लास.

“माती कुनाची हाय?” कुणीतरी विचारलं.

“हिचीच,” अप्पांनी वाकून रानातली मूठ उचलली. “ही मेली. म्या आनली, म्याच मारली. तुमच्या रानातली बी मेली हाय, ती बी म्याच मारली.”

कुणी हसलं नाही. कुणी चिडलंही नाही. काय करायचं तेच कुणाला कळत नव्हतं, कारण मातीला येऊन काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि इथं त्यातलं काहीच नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून रडण्याचा आवाज आला. अप्पांची थोरली बहीण, अक्का, रेणापूरला दिलेली. तिला कुणी फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. जीपमधून उतरून ती छाती बडवत येत होती, “माझ्या बसूऽ, माझ्या राजाऽ, मला टाकून कसा गेलास रेऽ” गर्दी बाजूला झाली आणि समोर राजा उभा. अक्का थबकल्या. मग त्यांनी हातातला हार खांद्यावर टाकला आणि दोन्ही मुठींनी अप्पांना मारायला सुरुवात केली.

“मुडद्या! जिता हाईस की! वाटंत मला चार बारी भवळ आली!”

“मार अक्का, मार,” अप्पा मार खात म्हणाले. “पन आधी हे बग.” आणि त्यांनी ग्लास अक्कांच्या हातात दिला.

अक्कांनी वास घेतला. पाण्यावरचे रंग बघितले. “राकेल हाय हे.”

“हे आपल्या हिरीत जानार हाय. पाऊस पडला की.”

“मग काढ की! माझ्याकडं काय बगून राहिलास?”

ग्लास हातोहात फिरला. बायकांनी तो जास्त वेळ धरला. पाणी त्या भरायच्या. मागून माणिकरावांचा आवाज आला, “ग्लासात काय बी दाखवता येतंय. कंपनीचीच बाई हाय ती.” आणि ते टोपी झटकून निघून गेले. त्यांच्या मागे आणखी दोघंजण.

अप्पांनी त्यांना थांबवलं नाही. माझ्याकडे बघून हात वर केला.

मी बकेट टाकली. आणलेली माती काढून व्हायला वेळ लागला नाही. पण मॅडम दर थोड्या जागेवर वाकून वास घेत होत्या, नमुना घेत होत्या आणि मान हलवत होत्या. इंधन खाली उतरलं होतं. अप्पांच्या स्वतःच्या मातीत, वर्षानुवर्षं तलावातून आणून घातलेल्या त्या वीतभर काळीत. माझा हात लिव्हरवर अडला. अप्पा बकेटच्या बाजूने चालत होते. “अजून,” ते म्हणाले. मी आणखी खाली गेलो. “अजून.” शेवटी बकेटचे दात खरखरले. खाली पांढरा मुरूम दिसला.

“वास?” अप्पांनी विचारलं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मग हितं थांब. आता तिकडं लाव.”

दुपारपर्यंत रान सोलून निघालं. अक्कांनी खांद्यावरचा हार, आता तो घरी परत कसा न्यायचा म्हणून, भरलेल्या ट्रॉलीवर टाकला. कुणीतरी बेलाची पानं टाकली. मग लोक घरी गेले, आणि मातीहून आल्यावर करतात तशी प्रत्येकाने आंघोळ केली. दोघांनी संध्याकाळी येऊन सांगितलं की आमच्याही रानात मशीन लावा. बाकीचे आले नाहीत. माणिकरावांचं रान विहिरीच्या सगळ्यात जवळ होतं.

त्या दिवशी काकूंनी चूल पेटवली नाही. मी दोनदा आत डोकावलो. “माती झाली नव्हं घरात,” त्या म्हणाल्या. “चूल कशी पेटवू?” त्या थट्टा करत होत्या का, मला अजून सांगता येणार नाही. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. अप्पा अंगणात चालत होते, पाय ओढत. मी मनात हिशोब करत होतो की ढग किती खाली आलेत.

दिवेलागणीला फाटक वाजलं. माणिकरावांची बायको होती. डोक्यावर टोपलं, त्यात कापडाखाली भाकरींची चवड आणि पिठल्याचं भगुलं. तिने टोपलं काकूंसमोर ठेवलं. ज्या घरात माती होते त्या घरी शेजारी भाकर घेऊन जातात.

अप्पा थांबले. “मालक काय म्हनले?”

“कायबी न्हाई,” ती म्हणाली. “म्हनले, माती व्हती तर भाकर न्यावी लागती.”

आम्ही जेवलो. पिठल्यात मिरची फार होती, आणि अप्पांच्या डोळ्यांना पाणी आलं त्याला तेच कारण होतं असं आम्ही सगळे धरून चाललो.

सकाळी मी पडीक रानात पोहोचलो तर ताडपत्रीजवळ माणिकरावांचा ट्रॅक्टर उभा. ट्रॉली काळ्या मातीने भरलेली. माणिकराव दुसरीकडे बघत होते. “हितं टाकायची का तिकडं?” त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली. त्यानंतर त्यांनी किती खेपा केल्या ते मी मोजलं नाही. दुपारी इतरांचेही ट्रॅक्टर त्यांच्या मागे लागले. बंद गाड्या आल्या, ढीग गेला, प्लास्टिक गेलं. शेवटची गाडी गेल्यावर मॅडम म्हणाल्या, “अप्पा, बहुतेक सगळं निघालंय. पण बहुतेकच. विहिरीवर नजर ठेवावी लागेल.”

ते काम संपलं आणि कंत्राटदाराने मला उत्तरेत पाठवलं, आणखी लांब, जिथं माझी मराठी कुणाला कळत नाही. निघताना काकूंनी भाकरी बांधून दिल्या. अप्पा स्टँडपर्यंत चालत आले आणि बस सुटेपर्यंत तिच्याभोवती फिरत राहिले, टायर बघत. मला त्यांच्याशी बोलायचं होतं. तुम्ही नसतात तर मला कुणी घर दिलं नसतं, कुणी मुलासारखं वागवलं नसतं, असं काहीतरी. बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिलं.

त्या रानात पुढच्या हंगामात काही उगवलं नाही. उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हापासून अप्पा परत गाळ आणून घालायला लागलेत. त्यांचं वय बघता ती काळी पुन्हा वीतभर व्हायची नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. यंदाही पाऊस सुरू झाल्यापासून ते रोज सकाळी विहिरीवर जातात, बादली शेंदतात, उन्हात ठेवतात आणि मग मला फोन लावतात. फोन येईपर्यंत मला इथं काम सुचत नाही.

“दिसलं काही, अप्पा?”

“न्हाई. आज साफ हाय.”

“मग बरं झालं.”

“बरं कशाचं? रातच्याला लई पाऊस झालाय. उद्या बगायचं हाय की.”